घरची फरशी स्वतः बसवायची आहे? टाइल आणि ग्राउटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी आजवर थापी हातात धरलेली नाही, पण एका खोलीची फरशी स्वतः बसवायची असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. ग्राउट म्हणजे दोन टाइल्सच्या मधल्या सांध्यांत भरायचा मसाला. उदाहरणादाखल दहा बाय बाराची बेडरूम धरली आहे. खाली जुनी मोझॅक लादी आणि वर बसवायची ती दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल. पुणे, ठाणे, नाशिककडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये हे चित्र घरोघरी दिसतं. टाइल महाग की स्वस्त यावर फरशी टिकत नाही. टाइलच्या खाली पोकळी राहिली की नाही, यावर ती टिकते. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख त्याकडेच आहे.

हे काम घरच्या माणसाला खरंच जमतं का?

एका खोलीचं जमतं. अख्खं घर काढू नका. फरशीवाल्या मिस्त्रीचा हात वर्षानुवर्षांचा असतो, त्या वेगाने तुम्हाला जमणार नाही आणि तशी गरजही नाही. त्याची मजुरी चौरस फुटावर असते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत खोली उरकणं त्याला भाग असतं. तुमच्यामागे तो तगादा नाही. पटली नाही ती टाइल ताबडतोब उचलून पुन्हा बसवण्याची मोकळीक तुम्हाला आहे, आणि नवख्याच्या फरशीला तीच तारून नेते. शक्य असेल तर जोडीला एक माणूस घ्या. एकजण माल कालवतो, दुसरा बसवतो. एकट्याने दोन्ही करायला गेलं की बादलीतला माल घट्ट होऊ लागतो आणि घाई सुरू होते.

सुरुवात कुठल्या खोलीपासून करावी?

चौकोनी, कोरड्या आणि फर्निचर हलवता येईल अशा खोलीपासून. बाथरूम आणि टॉयलेट पहिल्या खेपेला अजिबात नको. तिथे टाइलच्या खाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो, नाहणी ट्रॅपकडे (पाणी वाहून जायच्या जाळीकडे) ढाळ द्यावा लागतो, आणि चूक झाली की पाणी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छतातून उतरतं. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. बाल्कनी मधल्या पायरीवरची. तिथे दर मीटरला साधारण १ सेंटिमीटर ढाळ पाणी जायच्या तोंडाकडे हवा. म्हणजे चार फूट रुंद बाल्कनीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १२ मिलिमीटर उतार.

सोसायटीला सांगावं लागतं का?

हो. फरशी बदलायची तर सोसायटीला अर्ज द्या आणि आवाजाच्या कामाच्या वेळा विचारून घ्या. ग्राइंडर (टाइल कापायचं-घासायचं हातातलं मशीन) आणि तोडफोड दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत बहुतेक सोसायट्यांना चालत नाही. राडारोडा जिन्याखाली न ठेवता गोणीत भरून कुठे न्यायचा, तेही आधीच ठरवा. खालच्या मजल्यावर बाळ किंवा आजारी माणूस असेल तर दोन शब्द बोलून या.

जुनी लादी उखडावी, की तिच्यावरच टाइल बसवावी?

आधी जुनी लादी वाजवून पाहा. पाच रुपयांचं नाणं किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या, गुडघ्यावर बसा आणि एकेक लादी चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध ठोका. घट्ट बसलेली लादी टणक आवाज देते, सुटलेली भदभद वाजते. वाजणाऱ्या लाद्यांवर खडूने खूण करत जा. पाच-सहाच निघाल्या तर तेवढ्या काढून खळगा मालाने भरून घ्या आणि बाकीच्यांवर काम करा. खोलीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त लाद्या पोकळ निघाल्या, तर मी सगळी फरशी उखडण्याच्या बाजूचा आहे. सुटलेल्या थरावर कितीही चांगलं काम केलं तरी ते खालच्या थराबरोबर सुटणार.

वजनाचाही हिशोब आहे. व्हिट्रिफाइड टाइल आणि तिच्याखालचं अ‍ॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार मसाला) मिळून दर चौरस मीटरला साधारण २६ किलो होतं, म्हणजे या खोलीत तीनशे किलोच्या आत. जुनी लादी तशीच ठेवून तिच्यावर पारंपरिक पद्धतीने दोन इंच सिमेंट-वाळूचा माल टाकला, तर नुसता मालच एक टनाच्या वर जातो. जुन्या इमारतीच्या स्लॅबवर एवढा बोजा चढवू नका. लादीवर टाइल बसवायची तर ती अ‍ॅडहेसिव्हवरच. स्लॅबला खालून तडे असतील, गंजलेल्या सळया दिसत असतील, तर कशालाही हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

दुसरा प्रश्न दाराचा. ९ मिलिमीटरची टाइल आणि ४-५ मिलिमीटरचा थर धरून फरशी १३-१४ मिलिमीटरने वर येते. दार उघडून त्याच्याखाली टाइलचा एक तुकडा आणि एक जाड पुठ्ठा सरकवून पाहा. अडलं तर सुताराकडून दार खालून रंधून घ्यावं लागेल. हे टाइल बसवण्याच्या आधी करा. नंतर दार फरशीला अडकलं की ते काढणं अवघड होतं. कपाटाची आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराची खालची कडही अशीच तपासा.

वर बसवायचं ठरलं की जुन्या लादीची चकाकी मोडावी लागते. वर्षानुवर्षांचं पॉलिश, फिनेल आणि तेलाचा हात यांनी तिच्यावर एक निसरडा थर झालेला असतो. साबणाच्या पाण्याने घासा, धुवा, पूर्ण वाळू द्या. मग ग्राइंडरने किंवा छिन्नीने सगळीकडे टाचे मारून पृष्ठभाग खरबरीत करा. शेवटी सगळी धूळ व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने उचला. धुळीला चिकटलेलं अ‍ॅडहेसिव्ह लादीला चिकटलेलं नसतं.

सिरॅमिक घ्यावी की व्हिट्रिफाइड?

राहत्या खोलीसाठी व्हिट्रिफाइड. ती पाणी जवळजवळ शोषत नाही (वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी), म्हणून डाग कमी पडतात आणि झीज कमी होते. पण पाणी शोषत नाही म्हणूनच नुसत्या सिमेंटला ती नीट धरत नाही, हेही लक्षात ठेवा. ओलं होणाऱ्या जागी चकचकीत घेऊ नका, मॅट किंवा अँटीस्किड घ्या. घरात आजी-आजोबा असतील तर हा मुद्दा रंग-डिझाइनच्या आधी येतो.

दुकानात सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर एकच आहे ना, हे स्वतः पाहा. गुजरातेतल्या मोरबीहून येणारा माल एकाच नावाचा असला तरी दोन बॅचमध्ये रंगाचा फरक पडतो, आणि कधीकधी मापातही मिलिमीटरभर. म्हणून लागणाऱ्या सगळ्या टाइल्स एकदमच आणा.

किती टाइल्स लागतील? दुकानदार म्हणतो, क्षेत्रफळ अधिक दहा टक्के.

तो हिशोब अंदाजासाठी ठीक, पण त्यावर विसंबून खरेदी करू नका. आपल्याच खोलीचं उदाहरण घ्या. १२० चौरस फूट, अधिक दहा टक्के, म्हणजे ३४-३५ टाइल्स. आता कागदावर खोली काढा आणि मिलिमीटरमध्ये मोजा.

दोन बाय दोनची टाइल पुरती दोन फूट नसते, ती ६०० मिलिमीटर असते. दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. एका ओळीत पाच टाइल्स लावल्या की ३००० होतात. सांध्यांचे तीन-तीन मिलिमीटर आणि दोन्ही भिंतींशी सोडायची सहा-सहा मिलिमीटरची फट वजा केली, तर भिंतीकडे उरते जेमतेम २१ मिलिमीटरची चिंधी. ती धड कापता येत नाही, बसवली तर टिकत नाही आणि दिसते तर फारच वाईट. बारा फुटांच्या बाजूलाही नेमकं हेच होतं. तिथे सहा टाइल्सनंतर तसाच अरुंद तुकडा उरतो.

उपाय असा, की ओळ अर्ध्या टाइलने सरकवायची. दहा फुटांत मधे चार अख्ख्या टाइल्स आणि दोन्ही कडांना साधारण ३१० मिलिमीटरचे तुकडे, बारा फुटांत मधे पाच अख्ख्या आणि कडांना ३१४ चे. खोली दोन्हीकडून सारखी दिसते. पण ३१० चा तुकडा कापला की उरलेला २९० चा तुकडा दुसऱ्या कडेला पुरत नाही, म्हणून प्रत्येक कड-तुकड्याला नवी टाइल लागते. सहा गुणिले सात, ४२ टाइल्स. फुटतुटीला आणि जपून ठेवायला चार-पाच धरा. चारच्या खोक्यात येत असतील तर १२ खोकी, ४८ टाइल्स. चौतीस आणणारा माणूस अर्ध्यात अडकतो आणि मग दुसरी बॅच शोधत फिरतो.

उरलेले २९० चे तुकडे मात्र वाया जात नाहीत. त्यांतून भिंतीच्या कडेची स्कर्टिंगची पट्टी निघते. दार सोडून या खोलीला सुमारे ४१ फूट स्कर्टिंग लागतं आणि ते या तुकड्यांत आरामात भागतं.

आणि एक वेगळा विचारही करून पाहा. एक बाय एकची, म्हणजे ३०० मिलिमीटरची टाइल घेतली तर दहा फुटांत दहा आणि बारा फुटांत बारा अख्ख्या बसतात. कडेला १०-१२ मिलिमीटर उरतात, ते स्कर्टिंगखाली झाकले जातात. कापकाम जवळजवळ नाही, टाइल हलकी, हाताळायला सोपी. पहिल्या कामाला हीच टाइल घ्यावी असं मी सुचवीन. अर्थात तुमची खोली प्लास्टर धरून नेमकी दहा बाय बारा असेलच असं नाही, म्हणून स्वतःची मापं दोन्ही टोकांना घ्या.

सिमेंट-वाळूचा माल की टाइल अ‍ॅडहेसिव्ह?

हौशी माणसाने अ‍ॅडहेसिव्ह घ्यावं. दुकानदार त्याला नुसतं 'केमिकल' म्हणतो. जुन्या पद्धतीत एक-दोन इंच अर्धवट ओला माल पसरून त्यावर सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेला पातळ घोळ) ओततात आणि टाइल ठोकून बसवतात. तो माल एकसारखा दाबायला सरावलेला हात लागतो. शिवाय व्हिट्रिफाइडची पाठ स्लरी शोषत नाही, म्हणून काही महिन्यांत सुटून वाजू लागते.

पिशवीवर आयएस १५४७७ हा मानकाचा आकडा आणि त्यापुढचा 'टाइप' पाहा. व्हिट्रिफाइडसाठी टाइप २ किंवा त्यावरचं घ्या, आणि जुन्या लादीवर बसवायचं असेल तर त्या कामाला चालतं असं पिशवीवर लिहिलेलं हवं. २० किलोच्या पिशवीत पन्नासेक चौरस फूट होतात असं सांगतात, ते ३ मिलिमीटर थराचं माप. मोठ्या टाइलला थर ४-५ मिलिमीटरचा बसतो. या खोलीला ४ पिशव्या धरा.

हत्यारं काय काय लागतील?

दातेरी थापी (एक बाय एकला ६ ते ८ मिलिमीटरचे दाते, दोन बाय दोनला १० चे), रबरी हातोडा, सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, स्पिरिट लेव्हल, लेव्हल ट्यूब, लाइनदोरी, गुण्या (काटकोन तपासायचा), ३ मिलिमीटरचे स्पेसर (सांधा सारखा ठेवणारे प्लॅस्टिकचे तुकडे), लेव्हलिंगच्या क्लिपा आणि पाचरी (शेजारच्या टाइल्स एका पातळीत धरून ठेवायला), हाताचा टाइल कटर, ड्रिल मशीनला लावायचा माल घोटायचा दांडा, ग्राउट भरायची रबरी थापी, दोन बादल्या, चांगला मोठा स्पंज. ग्राइंडर भाड्याने मिळतो. गुडघ्यांना पॅड घ्याच, तासन्‌तास जमिनीवर बसून काम आहे.

हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क यांत कंजुषी नको. ओलं सिमेंट कातडी जाळतं, ते लागलं की लगेच भरपूर पाण्याने धुवा. टाइल कोरडी कापताना उडणारी बारीक पूड फुफ्फुसात कायमची बसते.

फरशी समपातळीत आहे का, हे कसं ओळखायचं?

सहा फुटी पट्टी जमिनीवर आडवी, उभी, तिरकी अशी सगळीकडे फिरवा आणि पट्टीखाली उजेड दिसतो का पाहा. ३ मिलिमीटरहून जास्त खळगा असेल तिथे आधी मालाने भरून वाळू द्या, उंचवटा असेल तिथे घासा. अ‍ॅडहेसिव्हचा जाड थर देऊन खळगे भरायचा मोह होतो. तसं केलं की ते वाळताना आकसतं आणि टाइलला खाली ओढतं.

पट्टीने खळगे कळतात, खोलीचा एकूण कल कळत नाही. त्यासाठी लेव्हल ट्यूब. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, आणि चारही कोपऱ्यांत भिंतीवर पाण्याच्या पातळीशी खूण करा. त्या खुणांपासून खाली जमिनीपर्यंत टेपने मोजा. जिथे अंतर सर्वांत कमी, तिथे फरशी सर्वांत उंच. तिथून उंची धरायची.

पहिली टाइल कुठे बसवायची?

भिंतीला लावून नाही. आपल्याकडच्या खोल्यांचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. भिंत धरून निघालात तर समोरच्या भिंतीपाशी तुकडे पाचरीसारखे निमुळते होत जातात.

समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढून दोरीने दोन रेघा मारा. त्या एकमेकींना काटकोनात आहेत का ते ३-४-५ ने तपासा: छेदबिंदूपासून एका रेघेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा, आणि या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं पाहिजे. गुण्याचा हात छोटा असतो, एवढ्या अंतरात त्याची चूक वाढत जाते. मग एक आडवी आणि एक उभी ओळ कोरडीच, स्पेसर घालून मांडून पाहा. दारातून आत येताना नजर कुठे जाते तेही पाहा. उंबऱ्यापाशी अख्खी किंवा मोठी टाइल यावी आणि अरुंद तुकडे पलंगाच्या-कपाटाच्या खाली जावेत. बसवत मात्र दाराकडे मागे सरकत यायचं, नाहीतर ओल्या टाइल्सवरून बाहेर पडावं लागेल.

टाइल्स आधी पाण्यात भिजवायच्या का?

अ‍ॅडहेसिव्हवर बसवताना नाही. भिजवणं हे सिमेंटवर बसवायच्या सिरॅमिकसाठी होतं. मात्र प्रत्येक टाइलची पाठ ओल्या फडक्याने पुसा. भट्टीत चिकटू नये म्हणून लावलेली पांढरी पूड तिथे असते आणि ती चिकटू देत नाही. पाठीवर बाण छापलेले असतील तर सगळे एकाच दिशेला ठेवा.

अ‍ॅडहेसिव्ह कसं कालवायचं आणि कसं पसरायचं?

आधी बादलीत पाणी, मग त्यात पावडर. उलटं केलं तर तळाशी कोरड्या गाठी राहतात. पाण्याचं प्रमाण पिशवीवर छापलेलं असतं, २० किलोला साधारण ५ लिटर, ते मापाने घ्या. थांबत थांबत घोटा, पाच मिनिटं राहू द्या, पुन्हा एकदा घोटा. थापीवर घेऊन तिरकी धरली तर माल घसरू नये. एका वेळी पाव पिशवी पुरे. बादलीत घट्ट होऊ लागलेल्या मालात वरून पाणी घालू नका, तो टाकून द्या.

जमीन किंचित ओलसर करा, पाणी साचलेलं नको. थापीच्या सपाट बाजूने पातळ थर दाबून चोळा, मग दातेरी बाजूने माल घेऊन थापी तिरकी धरून ओढा. उमटणाऱ्या सरी सरळ आणि एकाच दिशेने हव्यात. गोल-गोल सरी काढल्या की त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि टाइल दाबली तरी ती बाहेर जात नाही. एकावेळी दोन किंवा तीन टाइल्सपुरतीच जागा पसरा. टाइलच्या पाठीवरही सपाट बाजूने पातळ लेप द्या.

टाइल जागेवर ठेवा आणि सरींना आडवी अशी थोडी पुढे-मागे सरकवत दाबा. सरी मोडून एकमेकींत मिसळतात ते हाताला कळतं, टाइल आधी सहज सरकते, मग एकदम जड होते. रबरी हातोड्याने मधून कडांकडे हलके ठोके द्या. आता स्पेसर, क्लिपा, पाचरी.

आणि आता महत्त्वाची गोष्ट. पहिली टाइल बसवली की लगेच ती उचला. पाठ उलटी करून पाहा. सगळीकडे, चारही कोपऱ्यांसकट, माल लागलेला असेल तर तुमचा हात बरोबर आहे. सरींचे पट्टे तसेच दिसत असतील तर माल कमी आहे किंवा दाब कमी पडतो आहे, मोठ्या दात्यांची थापी घ्या. कोपरे कोरडे असतील तर पाठीवरचा लेप कोपऱ्यांपर्यंत न्या. कोरड्या खोलीत निदान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के पाठ भरलेली हवी. पुढे दर आठ-दहा टाइल्सनंतर एक उचलून बघत जा.

पाच ठिकाणी मालाचे गोळे ठेवून त्यावर टाइल दाबायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. लेव्हल पटकन मिळते म्हणून ती वापरतात. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, तो काठावर कलंडला की अशा टाइलचा कोपरा तिथेच तुटतो.

सांधे नसलेली फरशी छान दिसते. स्पेसर टाळता येतील का?

टाळू नका. दोन टाइल्सच्या मापात किंचित फरक असतोच, तो सांध्यात सामावतो. शिवाय स्लॅब आणि टाइल उन्हाने-थंडीने कमी-जास्त होत राहतात. मोकळीक नसेल तर दाब साठत जातो आणि एखाद्या दिवशी मोठा आवाज होऊन मधल्या दोन ओळी उचलल्या जातात. मागे लागून कारण शोधलं तर बहुतेक ठिकाणी बिनसांध्याच्या टाइल्स आणि भिंतीला घट्ट टेकलेल्या कडा सापडतात. ३ मिलिमीटर सांधा ठेवा. भिंतीशी सोडलेली ६ मिलिमीटरची फट मालाने भरू नका, स्कर्टिंग तिला झाकतं.

दोन बाय चारच्या लांब टाइल्स विटांच्या बांधणीसारख्या लावायच्या असतील तर जोड अर्ध्यावर न घेता एक-तृतीयांशावर घ्या. लांब टाइल मधे किंचित फुगीर असते, अर्ध्यावर घेतलं की शेजारणीची कड टोचू लागते.

टाइल कशी कापायची?

सरळ काप हाताच्या कटरने. चाक एकदाच, एकसारख्या दाबाने, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा आणि दांडी दाबून तोडा. दोन-तीनदा रेघ ओढली की कड दातेरी होते. पाइपाभोवतीचा किंवा चौकटीचा खाचा ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून, बाल्कनीत किंवा गच्चीवर. गार्ड काढलेला ग्राइंडर हातात घेऊ नका. पाणी मारत कापायचं असेल तर त्यासाठीच बनवलेलं मशीन घ्या आणि घरात ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) चालू आहे याची खात्री करा. कापलेली कड नेहमी भिंतीकडे.

बसवून झाल्यावर एक-दोन टाइल्स पोकळ वाजतात. काय करू?

माल ओला असेल तर उचला, दोन्हीकडचा माल खरवडून नव्याने बसवा. वाळल्यावर कळलं आणि फक्त मधे तळहाताएवढा भाग वाजत असेल, तर चालून जाईल. कोपरा किंवा कड वाजत असेल तर टाइल बदला, ती आज ना उद्या तुटते.

ग्राउट कधी भरायचं? व्हाइट सिमेंट चालेल का?

टाइल्स बसवल्यावर निदान २४ तास खोलीत पाऊल नको. मग क्लिपांची टोकं सांध्याच्या दिशेने रबरी हातोडा मारून तोडा, स्पेसर काढा, आणि सांध्यांत वर आलेला माल खुरप्याने खरवडून व्हॅक्यूम करा. सांधा टाइलच्या जाडीच्या निदान दोन-तृतीयांश खोल मोकळा हवा, तरच ग्राउटला धरायला जागा मिळते.

व्हाइट सिमेंटमध्ये रंग कालवून भरायची पद्धत सोडून द्या. ते आकसतं, चिरतं आणि वर्षभरात काळं पडतं. तयार पॉलिमरचं सिमेंट ग्राउट खोलीला पुरेसं आहे. दोन बाय दोनला ३ मिलिमीटर सांध्याने या खोलीत २ किलो, एक बाय एकला साडेतीन किलोपर्यंत लागेल. इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचं) पाणी पीत नाही, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात तेच चांगलं. पण त्याला कालवल्यापासून साधारण अर्धा-पाऊण तासच मिळतो, उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि टाइलवर वाळून राहिलं तर साध्या पाण्याने निघत नाही. पहिल्या खेपेला सिमेंट ग्राउटवर हात बसवा.

रंग टाइलपेक्षा एक छटा गडद घ्या. पांढरं ग्राउट हळदीचा आणि तेलाचा डाग लगेच पितं. गडद ग्राउट आणि फिकी मॅट टाइल अशी जोडी असेल तर आधी एका फुटक्या तुकड्यावर लावून पुसून पाहा. काही टाइल्सच्या बारीक छिद्रांत रंग बसतो.

ग्राउट नीट कसं भरतात?

पाणी मापून, श्रीखंडाइतकं घट्ट कालवा. सैल केलं की भरायला सोपं जातं, पण वाळल्यावर सांधा खाली बसतो आणि भुरभुरतो. पाच मिनिटं ठेवून पुन्हा घोटा. रबरी थापी सांध्याला तिरकी धरून माल आत दाबा, दोन-तीन दिशांनी फिरवा. सांधा तळापर्यंत भरला पाहिजे. मग थापी जवळजवळ उभी धरून, सांध्यांना तिरकं ओढत वरचा माल काढा. सांध्याच्या दिशेने ओढलं तर थापीची कड आतला माल खेचून घेते. एका वेळी वीस-पंचवीस चौरस फूट.

पंधरा-वीस मिनिटांनी सांध्यावर बोट टेकवा. बोटाला माल लागत नसेल आणि ठसा जेमतेम उमटत असेल, तर पुसायची वेळ झाली. स्पंज पहिल्या बादलीत धुवा, दुसऱ्या स्वच्छ पाण्यात बुडवा आणि पुरता पिळा. थेंब गळत असेल तर अजून पिळा. तिरका, हलका, एकच हात मारा, स्पंज उलटा करा, दुसरा हात, मग धुवा. पाणी गढूळ झालं की बदला. इथे जास्त पाणी वापरल्याने जेवढी ग्राउटं बिघडतात तेवढी दुसऱ्या कशानेही नाही. सिमेंट आणि रंग धुऊन जातो आणि वाळल्यावर कुठे फिकट, कुठे गडद असे पट्टे उठतात. दोन-तीन तासांनी टाइलवर पांढरट धूर दिसेल, तो कोरड्या सुती फडक्याने चोळून काढा. दुसऱ्या दिवशी सांध्यांवर एक-दोनदा हलका फवारा मारा.

भिंतीलगतच्या आणि दाराच्या चौकटीजवळच्या सांध्यांत ग्राउट न भरता सिलिकॉन सीलंट (वाळल्यावर रबरासारखं लवचिक राहणारं) भरा.

पांढरट थर फडक्याने निघत नाही. अ‍ॅसिडने धुवू का?

नाही. अ‍ॅसिड सिमेंट ग्राउट खातं, सांधे सच्छिद्र होतात आणि मग कायमचे काळे राहतात. ग्राउटची धूळ काढायला वेगळा क्लीनर मिळतो, तो आठवड्यानंतर, पिशवीवरच्या सूचनेप्रमाणे वापरा. एरवीही फरशी पुसायला अ‍ॅसिड घरात आणू नका. साधा साबण पुरतो.

पावसाळ्यात किंवा ऐन उन्हाळ्यात हे काम करावं का?

कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टला सगळंच उशिरा वाळतं. २४ तासांऐवजी ४८ धरा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे अडचण उलटी. पसरलेल्या अ‍ॅडहेसिव्हवर काही मिनिटांतच साय धरते. शंका आली की सरीला बोट लावा, बोट कोरडं आलं तर तेवढा माल खरवडून टाका. पंखा बंद, खिडकीला पडदा, आणि सकाळी लवकर काम.

खोली कधी वापरायला घ्यायची?

ग्राउटनंतर २४ तासांनी अनवाणी फिरायला हरकत नाही. पलंग, कपाट आठवड्याने, आणि ते ढकलत नाही तर उचलून. पहिला आठवडा पाण्याने पुसू नका.

पुढे कधी एखादी टाइल फुटली तर?

म्हणूनच चार-पाच टाइल्स जपायच्या, खोक्यावरच्या बॅच नंबरच्या कागदासह. ग्राउटचा रंग आणि नंबरही त्याच कागदावर लिहून ठेवा, कारण काही वर्षांनी दुकानात तो आठवून सांगता येत नाही.

बदलताना आधी चारही बाजूंचं ग्राउट पूर्ण काढा. ते तसंच ठेवून ठोकलं तर धक्का शेजारच्या टाइलला जातो आणि तिची कड उडते. मग फुटलेल्या टाइलच्या मधोमध छिन्नीने भोक पाडून तुकडे मधून कडांकडे काढत या. छिन्नीचं टोक कधीही बाहेरून आत, शेजारणीच्या कडेखाली घालू नका. खालचं जुनं अ‍ॅडहेसिव्ह खरवडून नव्या थरापुरती जागा करा, धूळ काढा, टाइल कोरडी ठेवून उंची जुळते का पाहा. नंतर जमिनीला आणि पाठीला दोन्हीकडे माल लावून बसवा, पट्टी शेजारच्या दोन टाइल्सवर आडवी टेकवून पातळी मिळवा आणि एक दिवस थांबून ग्राउट भरा. नवं ग्राउट सुरुवातीला जुन्यापेक्षा उजळ दिसेल. फरक फारच खटकला तर त्या खोलीतले सगळे सांधे वरून दोन-तीन मिलिमीटर खरवडून एकाच कालवणाने भरावे लागतात.